दोन फटक्यांमधला वेळ

२९ जुलै २०२१. टोकियोजवळील कासुमिगासेकी येथील मैदानावर ऑलिंपिकच्या पुरुष गोल्फ स्पर्धेची पहिली फेरी सुरू होती. पुण्याचे उदयन माने त्या दिवशी ७६ फटके खेळून परतले. मैदानाचा ठरलेला हिशेब ७१ फटक्यांचा. म्हणजे पाच फटक्यांची तूट. साठ खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव तळाकडे गेले. दुसऱ्या फेरीत खेळाडू तोच, काठ्या त्याच, मैदानही तेच. फटके मात्र ६९. एका रात्रीत कोणाचे कौशल्य सात फटक्यांनी वाढत नाही. मग फरक कुठे पडला?

सगळे श्रेय वा दोष मनाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. माने यांचा ऑलिंपिक प्रवेशच ऐनवेळचा होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतल्यामुळे स्पर्धेला जेमतेम काही आठवडे उरले असताना त्यांना जागा मिळाली. महामारीने देशातील स्पर्धाही थांबल्या होत्या. सराव अपुरा, व्यासपीठ मात्र आयुष्यातील सर्वांत मोठे. अखेरीस ते ५६ व्या स्थानी राहिले. तरीही पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतील ते अंतर गोल्फ या खेळाचे एक मर्म उघड करून जाते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गोल्फ खेळणारी घरे फारशी सापडायची नाहीत. नारायणगाव-मंचरच्या पेढ्यांवरील पुढची पिढी नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्यात गेली, तेव्हा येरवड्याच्या हिरव्यागार मैदानावरून जाता-येता या खेळाशी तिची दृष्टभेट झाली असेल, एवढेच. म्हणून थोडी ओळख आवश्यक. एका फेरीत १८ होल असतात. प्रत्येक होलसाठी चांगल्या खेळाडूने किती फटके घ्यावेत हे ठरलेले असते, त्याला पार म्हणतात. एक फटका वाचला तर बर्डी, एक जादा लागला तर बोगी. (आपल्याकडे बोगी म्हटले की रेल्वेचा डबा आठवतो, गोल्फमधील बोगीही अनेकदा मागे दुसरी बोगी जोडूनच येते.) हिरवळीवर चेंडू अलगद ढकलून भोकात घालण्याच्या फटक्याला पट म्हणतात.

आता या दोन तालुक्यांना ठाऊक असलेली शर्यत घ्यावी. घाटातली बैलगाड्यांची शर्यत काही सेकंदांत संपते. मुक्या जनावरांच्या कष्टांचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. मुद्दा वेळेचा आहे. गाडा सुटल्यावर गाडामालकाला विचार करायला उसंतच नसते. गोल्फचे नेमके उलटे आहे. एक फेरी चार ते पाच तास चालते, फटके साधारण सत्तर आणि एकेक फटका सेकंद-दोन सेकंदांचा. म्हणजे प्रत्यक्ष खेळ दोन-तीन मिनिटांचा. बाकी सगळे चालणे, थांबणे आणि विचार करणे. चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्धी आडवा येत नाही, चूक कोणावर ढकलता येत नाही. मागच्या होलवरची चूक आणि पुढच्या होलची धास्ती, दोघींनाही मनात शिरायला भरपूर सवड मिळते.

व्यापारी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिली आहे. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन अभ्यासकांनी व्यावसायिक गोल्फपटूंच्या पंचवीस लाखांहून अधिक पटांची नोंद तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेवढ्याच अंतरावरचा, तशाच अवघडपणाचा पट बर्डीसाठी असला तर तो पारसाठीच्या पटापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी कमी वेळा भोकात जातो. वास्तविक दोन्हींची किंमत एकच, एक फटका. पण पारचा पट चुकला तर तूट पदरी येते. बर्डीचा चुकला तर केवळ नफा हुकतो. तूट टाळण्यासाठी माणूस जितका जीव ओततो तितका नफ्यासाठी ओतत नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा सिद्धांत अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. काहनेमन यांना २००२ चे नोबेल मिळाले. जगातील अव्वल खेळाडूही त्यातून सुटत नाहीत. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत या वृत्तीची किंमत सरासरी एका फटक्याच्या आसपास जाते, आणि मोठ्या स्पर्धांत एका फटक्याने विजेता बदलतो.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराने हा स्वभाव चांगलाच पाहिला आहे. जुलै २०२३ मध्ये तेथे वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला आणि सप्टेंबरमध्ये पार कोसळला. अशा चढउतारात सकाळच्या सौद्यात बसलेला फटका दुपारच्या सौद्यातच भरून काढायचा, या ईर्ष्येने लावलेली बोली कशी असते ते जाणत्या आडत्याला सांगावे लागत नाही. गोल्फमध्येही बोगी पडल्यावर पुढच्याच होलवर ती वसूल करायला निघालेला खेळाडू झाडांमधल्या चिंचोळ्या फटीतून चेंडू काढू पाहतो आणि एकाच्या जागी तीन फटके गमावतो. हात तोच असतो, निर्णय बिघडलेला असतो.

दबावाचा दुसरा परिणाम अधिक विचित्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत असे दिसले की, नवशिक्याने हालचालीकडे बारीक लक्ष दिले तर त्याचा पट सुधारतो. निष्णात खेळाडूने तसे केले तर बिघडतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने हात जे आपोआप करतो, त्यात भीतीपोटी डोके लुडबुड करू लागते. जुन्या मुनीमजींना रकमांच्या उभ्या ओळीची बेरीज करताना मध्येच कोणी ‘हातचा किती धरला?’ असे विचारले की सगळी बेरीज पुन्हा मांडावी लागे, तसेच हे. याउलट, कॅनडातील जोन विकर्स यांनी चांगल्या खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. पटापूर्वी त्यांची दृष्टी दोन-तीन सेकंद चेंडूवर निश्चल असते. घाबरलेल्याची नजर भिरभिरते.

गोल्फबाहेरचे, पण महाराष्ट्रातले उदाहरण नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा हा रेल्वे कर्मचारी २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात एकच गोळी ७.६ गुणांची बसली आणि पदक हुकून चौथे स्थान आले. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते सुरुवातीला मागे होते. त्याच उभ्याच्या टप्प्यात त्यांनी वर सरकत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. ज्या टप्प्याने घात केला होता त्यानेच हात दिला.

मात्र हरला तो घाबरला, असा शिक्का मारण्याची आपल्याला फार घाई असते. टोकियोतच बंगळुरूच्या अदिती अशोक यांचे कांस्य एका फटक्याने गेले. तेव्हा जागतिक क्रमवारीत त्या दोनशेव्या होत्या. शेवटच्या दिवशी वादळाने खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि अठराव्या होलवरचा त्यांचा दूरचा पट थोडक्यात हुकला. पण त्यांची ती फेरी ६८ ची होती, पारपेक्षा तीन कमी. लिडिया को आणि मोने इनामी यांनी त्या दिवशी प्रत्येकी ६५ ची फेरी खेळली, एवढेच. पदक न मिळणे आणि मन ढळणे यांची खाती वेगवेगळी आहेत.

मन ढळणे म्हणजे काय ते उत्तर आयर्लंडच्या रॉरी मॅकिलरॉय यांनी जगासमोर अनुभवले. २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत चार फटक्यांची आघाडी घेऊन ते अखेरच्या फेरीला उतरले आणि ८० फटके खेळून बाहेर फेकले गेले. दोनच महिन्यांनी अमेरिकन ओपन त्यांनी आठ फटक्यांनी जिंकली. मास्टर्स मात्र वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली. १३ एप्रिल २०२५ रोजी पुन्हा आघाडी त्यांच्याकडे होती. पहिल्याच होलवर दोन फटके जादा गेले. तेराव्यावर चेंडू ओढ्यात गेला. अठराव्यावर जेमतेम पाच फुटांचा विजयी पट हुकला, आणि जस्टिन रोझ यांच्याशी बरोबरी होऊन एका होलची निर्णायक लढत आली. त्या होलकडे जाताना, त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे, बालपणीचा मित्र असलेल्या त्यांच्या कॅडीने एवढेच म्हटले की, सोमवारी कोणी ही स्थिती देऊ केली असती तर आपण आनंदाने घेतली असती. मॅकिलरॉय यांचा दुसरा फटका भोकापासून चारेक फुटांवर थांबला. या वेळी पट बर्डीचा होता, आणि तो आत गेला.