आडवे, उभे आणि वाकडे

मराठी दैनिकातले शब्दकोडे बहुधा सरळ अर्थ विचारते. 'जल' असे दिले असेल तर दोन चौकटींत 'पाणी', तीन असतील तर 'उदक'. शब्दसंपत्ती बरी असली की चहाबरोबर कोडेही संपते. इंग्रजी वर्तमानपत्रांतले क्रिप्टिक, म्हणजे कूट शब्दकोडे, वेगळ्या जातीचे. त्यातला प्रत्येक क्लू वरवर साधे वाक्य असतो. आत मात्र त्याचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा ते उत्तर कोणत्या अक्षरांनी जुळते ते सांगतो. दोन्हीकडून एकच शब्द निघाला की उत्तर पक्के.

'लक्ष्मी सुईने अंगावर काढा, नगरचा तालुका मिळेल (3).' लक्ष्मी म्हणजे श्री, सुईने अंगावर काढा म्हणजे गोंदा. उत्तर श्रीगोंदा, अक्षरे तीन. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी कोडे रचणारा 'नगर' सहजी सोडणार नाही, कारण त्याचा साधा अर्थ शहर, आणि सोडवणारा नेमका तिथेच चकतो.

श्रीगोंद्याला, जुन्या चांभारगोंद्याला, असे आडून बोलणे नवे नाही. सतराव्या शतकात इथे राहिलेले संतकवी शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' 1645 सालचा. नावात संग्राम आहे, पण लढाई जिवाची स्वतःच्याच विकारांशी चालते. वाचणाऱ्याला शब्दांमागचा अर्थ लावत जावे लागते. संतवाङ्मयात कूट हा प्रकारच मानला गेला आहे. मुक्ताबाईंच्या नावावरील अभंगात मुंगी सूर्य गिळते. महाभारतात व्यासांनी गणपतीची लेखणी थबकावी म्हणून 8800 कूटश्लोक घातल्याचे परंपरा सांगते. केवळ अक्षरांचा खेळही मराठीने कमी खेळलेला नाही: भीमेपलीकडे बारामतीत मोरोपंतांनी प, फ, ब, भ, म ही ओठांची व्यंजने टाळून निरोष्ठ रामायण रचले. मात्र संतांच्या कूटाची किल्ली गुरूकडे असते. कूट कोड्याची किल्ली त्याच वाक्यात ठेवावी लागते.

चौकटींचे कोडे मूळचे पाश्चात्त्य. आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले छापले, तेही सरळ अर्थाचेच. त्याला वाकडे वळण इंग्लंडात मिळाले. 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स कोडी रचू लागला. इन्क्विझिशनमधल्या छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या धर्माधिकाऱ्याचे हे नाव त्याने उगाच घेतले नव्हते.

इंग्रजीतल्या युक्त्या मराठीत आणताना लिपी आडवी येते, आणि काही ठिकाणी मदतही करते. आपल्या चौकटीत मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते. त्यामुळे अक्षरे विस्कटून नवा शब्द करण्याची इंग्रजीतली लाडकी युक्ती इथे लंगडी पडते. 'कमल विस्कटले, लेखणी मिळाली (3)' याचे उत्तर कलम. पण तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच होतात, सोडवणारा बोटांवर मोजून मोकळा होतो. उलट वाचणे जास्त रंगते. 'वार उलटला आणि शिऱ्याची सोय झाली (2)': वाचताना मारामारी डोळ्यांपुढे येते, उत्तर रवा. शब्दांच्या सांध्यात लपवणेही छान जमते. 'आजोबा गप्प, पोटात फुलझाडांची जागा (2)': 'बा' आणि 'ग' शेजारी आहेत, बाग तयार. श्लेष तर घरचाच. 'गळ्यात घालतात तिथेच मेंढरे चरतात (2)': माळ.

एक सोय फक्त आपल्याकडची. अक्षराला 'कार' लावून त्याचे नाव घ्यायची रीत असल्याने 'नकार' म्हणजे नाही म्हणणे आणि 'न' हे अक्षरही. म्हणून 'वाराच्या पोटात नकार शिरला, शेपटी दिसली (3)' यातून वानर निघतो. इथे विभक्तीकडे बारीक लक्ष हवे. 'वाराच्या' म्हणजे वार. 'वाऱ्याच्या' असते तर वारा. सामान्यरूप मागे ढकलून मूळ शब्द काढल्याशिवाय मराठी कूट सुटत नाही.

कोड्याची समीक्षा याच काट्यावर होते. अर्थाचा भाग उत्तराशी तंतोतंत जुळतो का, जुळणीत एखादा शब्द फुकट उरला का, आणि वाक्य वाचायला सहज आहे का, एवढे तपासायचे. 'वार उलटून चविष्ट शिरा झाला (2)' हा क्लू नापास, कारण रवा म्हणजे शिरा नव्हे, आणि 'चविष्ट' नुसते भरतीला आले आहे. फसवायची पूर्ण मुभा आहे, खोटे बोलायची नाही. 'एक पक्षी (3)' याला तर क्लू म्हणणेही जड: कावळा, बगळा, चिमणी, पारवा, काहीही लिहावे.

ही शिस्त नसली की काय होते ते मुंबई राज्याने पाहिले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात प्रवेश फी घेऊन मोठ्या बक्षिसांची शब्दकोडी जोरात होती. त्यांचा नमुना असा: 'उन्हाळ्यात हवा वाटतो, वा_.' वारा की वाळा? दोन्ही पटण्याजोगे, बक्षीस मात्र आयोजकाने आधीच मोहोरबंद केलेल्या उत्तराला. केंद्राने 1955 च्या कायद्याने महिन्याला 1000 रुपयांपेक्षा जास्त बक्षिसांच्या अशा स्पर्धांना बंदी केली. बंगळूरहून चालणाऱ्या आर.एम.डी.सी. स्पर्धेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 9 एप्रिल 1957 च्या निकालांत न्यायालयाने असली स्पर्धा जुगारात काढली. यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असलेल्या स्पर्धांना मात्र हा कायदा लागू नाही, असेही स्पष्ट केले.

कूट क्लू कौशल्याच्या बाजूचा, कारण उत्तर बरोबर की चूक हे सोडवणाऱ्याला स्वतःलाच पडताळता येते, दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. मराठी दैनिकांनी रविवारच्या पुरवणीत असे पाच-सहा क्लू देऊन पाहावेत, आणि पुढच्या अंकात नुसते उत्तर न छापता उकलही छापावी.