पन्नाशीच्या आत गुडघा-प्रत्यारोपणाचा सल्ला : वैद्याने दुसरे मत कसे द्यावे?

हातात एक्स-रेचे मोठे पाकीट, त्याला टाचलेला शस्त्रक्रियेच्या अंदाजित खर्चाचा कागद, आणि सोबत पती किंवा मुलगा, अशा स्थितीत येणारे रुग्ण आता आमच्या चिकित्सालयात नित्याचे झाले आहेत. पूर्वी हे रुग्ण सत्तरीच्या आसपासचे असत. आता त्यांत पंचेचाळीस ते पंचावन्न वयाचेही बरेच दिसतात. 'गुडघा बदलायला सांगितला आहे, आयुर्वेदात काही आहे का?' असा त्यांचा प्रश्न असतो. वरवर पाहता हा प्रश्न औषधाविषयीचा वाटतो. वस्तुतः रुग्ण आपल्याकडे दुसरे मत मागत असतो. पुष्कळदा ते मत काय असावे हेही त्याने मनाशी ठरविलेले असते. एका ४८ वर्षांच्या शिक्षिकेने तर आम्हांस स्पष्टच सांगितले, "डॉक्टर, तुम्ही एकदा नको म्हणा, म्हणजे मी मोकळी झाले."

असे 'नको' म्हणणे आपल्याला फार सोपे असते. रुग्ण संतुष्ट होऊन घरी जातो, सहा महिन्यांची चिकित्सा सुरू होते आणि औषधालयाचाही व्यवसाय होतो. म्हणूनच तो शब्द उच्चारण्यापूर्वी थांबले पाहिजे. शस्त्रकर्माचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडून आपण ज्या काटेकोरपणाची अपेक्षा करतो, तोच आपल्या मतालाही लागू व्हावा, अशी आमची भूमिका आहे. मत परीक्षणावर आधारलेले असावे, चिकित्सेला मुदत असावी, आणि ती मुदत संपल्यावर काय करावयाचे हे आरंभीच सांगितलेले असावे.

प्रथम वयाचा मुद्दा. कृत्रिम सांधा झिजतो, सैल होतो, क्वचित त्यात जंतुसंसर्ग होतो. आजचे सांधे पूर्वीपेक्षा टिकाऊ आहेत हे मान्य करावयास हवे. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण गुडघा-प्रत्यारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. तथापि हा आकडा सर्व वयांचा एकत्रित आहे. त्याच नियतकालिकात २०१७ साली आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा आयुष्यभराचा संभव सुमारे ५ टक्के आढळला, तर पन्नाशीच्या आरंभी गुडघा बदललेल्या पुरुषांत तो ३५ टक्क्यांपर्यंत गेला. त्याच वयाच्या स्त्रियांत तो सुमारे २० टक्के होता. तरुण रुग्ण अधिक चालतो, अधिक जिने चढतो आणि पुढे अधिक वर्षे जगतो, हे त्याचे साधे कारण. दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी असते, अस्थीचा आधार कमी उरलेला असतो आणि फळही बहुधा कमी मिळते.

दुसरी बाब आपल्याकडील राहणीची. प्रत्यारोपणानंतर गुडघा साधारणतः ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, जिना, चालणे यांना तेवढे पुरते. उकिडवे बसण्यास ते पुरत नाही, आणि मांडी घालणे वा गुडघे टेकणे अनेकांना जमत नाही. शेतात खुरपणी करणाऱ्या स्त्रीला किंवा जमिनीवर बसून काम करणाऱ्या कारागिराला हे आधी सांगितले गेले पाहिजे. पुष्कळदा ते सांगितलेले नसते, असा आमचा अनुभव आहे. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही साधारण पाचातील एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, हे आता सर्वमान्य आहे. त्या असमाधानात या न सांगितलेल्या गोष्टींचाही वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

खर्चाविषयीही थोडे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित सांध्यासाठी ती मर्यादा कर वगळून ५४,७२० रुपये होती. रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच. मात्र पैशाअभावी जी शस्त्रक्रिया पूर्वी आपोआप लांबत असे, ती आता तशी लांबत नाही. विम्याची मुदत मार्चअखेर संपते म्हणून दोन्ही गुडघे फेब्रुवारीत उरकून घेण्यास निघालेले रुग्णही आम्ही पाहिले आहेत.

आता परीक्षणाकडे वळू. पाकिटातील एक्स-रे रुग्णाला निजवून काढलेला आहे की उभे करून, हे सर्वांत आधी पाहावे. उभे राहून घेतलेल्या चित्रातच सांध्यातील अंतर भारासह किती उरते ते कळते. झीज केवळ आतल्या बाजूस आहे, की सर्व कप्प्यांत, की वाटीच्या मागे, याची नोंद करावी. चित्रातील झीज आणि रुग्णाची वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. चौथ्या श्रेणीची झीज असूनही शेतात जाणारे रुग्ण असतात आणि दुसऱ्या श्रेणीत काठी धरणारेही असतात. एम.आर.आय.मधील 'मेनिस्कस फाटला आहे' या वाक्यानेही घाबरून जाऊ नये. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील २००८ च्या अभ्यासात, ज्यांच्या चित्रात अशी फाट दिसली त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात गुडघेदुखी नव्हती.

यानंतर व्याधीविनिश्चय. पन्नाशीच्या आत गुडघा इतका खराब झाला असेल तर 'संधिगत वात' हे नाव देऊन थांबता येत नाही. सकाळी तास-दीड तास राहणारी जखडण, अनेक संधींतील शोथ, अग्निमांद्य व ज्वर असल्यास आमवाताचा विचार करून रक्तपरीक्षा करून घ्यावी. एकच गुडघा कोल्ह्याच्या मस्तकासारखा सुजलेला असल्यास क्रोष्टुकशीर्ष आठवावे. युरिक ॲसिड तपासावे, आणि जंतुसंसर्ग वा क्षय नाही ना याची खात्री होईपर्यंत त्या संधीवर स्नेहन-स्वेदन करू नये. खुब्याची परीक्षा तर कधीच टाळू नये. आमच्याकडे ३९ वर्षांचा एक तरुण केवळ गुडघेदुखीसाठी आला होता. गुडघ्याचे सर्व अहवाल निर्दोष होते. मांडी आत वळविताच तो ओरडला. त्याचा विकार खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याचा होता. दम्यासाठी त्याने दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या.

वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेकडे परत येऊ. वजन ८२ किलो, उंची पाच फूट एक इंच, शाळा दुसऱ्या मजल्यावर. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याचा सल्ला मिळालेला. उभे राहून काढलेल्या एक्स-रेत उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचे अंतर जवळजवळ नाहीसे झालेले आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. डावा गुडघा मध्यम झिजेचा. आजवरचे उपचार म्हणजे वेदनाशामक गोळ्या, दोन इंजेक्शने, आणि शेजारणीने दिलेले तेल. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम एकदाही, कोणीही शिकविलेला नव्हता. जिव्हा साम, मलप्रवृत्ती चिकट, भोजनोत्तर जडपणा. अशा अवस्थेत तेल चोळणे आम्हांस युक्त वाटले नाही. प्रथम दीपन-पाचन, लघु आहार व वालुका पोट्टलीने रूक्ष स्वेद. निरामावस्था आल्यावर योगबस्ती क्रम, त्यानंतर तिक्त द्रव्यांनी सिद्ध क्षीरबस्ती. त्याच वेळी फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा व्यायाम. मुदत बारा आठवड्यांची.

बारा आठवडेच का, याचे उत्तर आमच्या मनाचे नाही. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रत्यारोपणास पात्र ठरलेले १०० रुग्ण घेतले होते. निम्म्यांना शस्त्रक्रियेसह, तर निम्म्यांना शस्त्रक्रियेशिवाय, बारा आठवड्यांचा व्यायाम, आहार व शिक्षणाचा कार्यक्रम दिला गेला. शस्त्रक्रियेविना राहिलेल्या गटातील केवळ १३ जणांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. मात्र ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांना अधिक आराम मिळाला, हेही त्याच चाचणीत नोंदले आहे. गंभीर उपद्रवही त्यांच्यातच अधिक होते. अर्धाच निष्कर्ष रुग्णाला सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. वजनाचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे. एक किलो वजन घटले की पाऊल टाकताना गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो.

बारा आठवड्यांनी शिक्षिकेचे वजन ७६ किलो झाले. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून सहा वेळा उठणाऱ्या त्या अकरा वेळा उठू लागल्या. रोजची वेदनाशामक गोळी आठवड्यातून दोनवर आली. डाव्या गुडघ्याची तक्रार बरीच शमली. उजव्याची जिना उतरतानाची वेदना मात्र राहिलीच. मुदत संपल्यावर आम्ही त्यांना दुसऱ्या अस्थिशल्यविशारदांकडे पाठविले. त्यांचे मत असे पडले की डाव्या गुडघ्यास शस्त्रक्रियेची गरज नाही. उजव्यात मात्र केवळ आतील कप्पा गेला असल्याने ऑस्टिओटॉमी, म्हणजे नडगीचे हाड छेदून पायाचा अक्ष सरळ करणे, हा या वयात विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. त्यामुळे स्वतःचा सांधा राहतो आणि प्रत्यारोपण काही वर्षे लांबविता येते. बाईंनी त्यावर अजून निर्णय घेतलेला नाही. 'नको' हा शब्द त्यांना आमच्याकडून मिळाला नाही, याचा थोडा रुसवाही आहे.

आता आमच्या हातून झालेली चूक. काही वर्षांपूर्वी ५१ वर्षांचे एक ट्रकचालक असाच सल्ला घेऊन आले होते. त्यांना शस्त्रक्रियेचे भय होते आणि आम्हांस आपल्या चिकित्सेचा अभिमान. दर पावसाळ्यात बस्ती, मधून मधून जानुबस्ती, पंचतिक्तघृत गुग्गुळ, सहचर तेल, असे दोन वर्षे चालले. प्रत्येक उपक्रमानंतर दोन-तीन आठवडे बरे वाटे, त्या बरे वाटण्यास आम्ही गुण समजत गेलो. गुडघा पूर्ण सरळ होणे बंद झाले होते, मांडी बारीक होत चालली होती, आणि आम्ही त्याचे मापही घेतले नव्हते. अखेर शस्त्रक्रिया झाली तेव्हा गुडघा सुमारे पंचवीस अंशांत आखडलेला होता. शल्यविशारद आम्हांस शांतपणे म्हणाले, "वर्षभर आधी पाठवला असता तर पाय सरळ मिळाला असता." त्या रुग्णास पुन्हा ट्रकवर जाता आले नाही. चरकाचार्य कायचिकित्सेचे आचार्य असूनही गुल्म पक्व झाल्यावर तेथे धन्वंतरी संप्रदायाचा अधिकार मानतात, हे आम्ही विद्यार्थीदशेत पाठ केले होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक भेटीत तीन मापे लिहून ठेवतो: गुडघा किती सरळ होतो, किती वाकतो, आणि वाटीच्या वर चार बोटांवर मांडीचा घेर किती. सरळ होणे घटू लागले, रात्रीची वेदना झोप मोडू लागली, गुडघा चालताना दगा देऊ लागला किंवा वाकडेपणा वाढला, तर ठरलेल्या मुदतीचीही वाट पाहत नाही. आमवाताने उद्ध्वस्त झालेल्या संधीत तर चाळिशीतही प्रत्यारोपण उपकारक ठरते. तेथे वयाचे कारण पुढे करून रुग्णास खाटेवर ठेवणे योग्य नव्हे.

औषधालयाच्या मालकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम लिहितो. 'शस्त्रक्रिया टाळा' असे सांगून नाव-पत्त्याविना विकल्या जाणाऱ्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत स्टेरॉइडची भेसळ असण्याची शंका घ्यावी. त्या ३९ वर्षांच्या तरुणाच्या खुब्याचे जे झाले ते अशा पुड्यांनीही होऊ शकते. दुसरे, आपली प्रमाणित औषधेही पूर्णतः निरुपद्रवी मानू नयेत. शुंठी, गुडूची, आमलकी, शल्लकी, गुग्गुळ यांच्या योगांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना करणारी, ४४० रुग्णांवरील भारतीय चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या वेदनेत आपले योग त्या औषधांच्या तोडीचे ठरले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु त्याच चाचणीत काही रुग्णांत लक्षणांविना यकृताचे एस.जी.पी.टी. वाढले, आणि आपल्या योगांवरील ज्या सात जणांना त्यामुळे चाचणीतून वगळले त्यांच्यात ते औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले. म्हणून तीन महिन्यांहून अधिक काळ औषध देताना ही तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाला चालू असलेल्या प्रत्येक काढ्या-गोळीची यादी लिहून द्यावी, आणि ती भूलतज्ज्ञांना दाखविण्यास सांगावे.

रुग्णास दुसऱ्या शल्यविशारदांकडे पाठविताना आम्ही एक पानाचे पत्र देतो. त्यात आपले निदान, बारा आठवड्यांत काय केले, मापे कशी बदलली, रुग्णाचा व्यवसाय कोणता आणि तो जमिनीवर बसतो का, एवढे लिहितो. पुढे चार प्रश्न: झीज कोणत्या कप्प्यात आहे? ऑस्टिओटॉमी किंवा अर्धा गुडघा बदलणे शक्य आहे का? सहा महिने थांबल्यास नुकसान काय? दोन्ही गुडघे खरोखर एकाच वेळी करावयाचे का? अशा पत्रास उत्तर येते, असा आमचा अनुभव आहे. न आल्यास रुग्णाकडून दूरध्वनी क्रमांक घेऊन आम्ही स्वतः विचारतो.

ज्यांचा गुडघा बदलला आहे असे रुग्णही पुढे आपल्याकडेच येतात. त्या गुडघ्यावर जलौका, अग्निकर्म, विद्धकर्म यांपैकी काहीही करू नये. जंतू एकदा कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचले तर तो काढावा लागण्याची वेळ येते. व्रण पूर्ण भरून शल्यविशारदांनी अनुमती दिल्यावर मांडी व पोटरीस सौम्य अभ्यंग करावा. गुडघा एकाएकी तापला, लाल झाला वा स्रवू लागला, तर लेप न लावता त्याच दिवशी रुग्णास परत पाठवावे.