जहाज नेमके कुठे आहे?

एलिझाबेथ राणीच्या काळातले दर्यावर्दी म्हटले की ड्रेक, रॅले ही नावे आठवतात. त्याच काळातले फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज मात्र आपल्या अधिक जवळचे. गोव्यात राहून त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. राणीचे अकबरासाठीचे पत्र घेऊन निघालेला न्यूबेरी व त्याचे साथीदार १५८३ मध्ये गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीही स्टीफन्स यांनी खटपट केली.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला मात्र त्यांचे एक पत्रच जास्त मोलाचे वाटते. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरात गोव्यास पोचले आणि लगेच वडिलांना हकिगत कळवली. भारत जवळ आला असे वाटत असताना जहाज होते सोकोत्रा बेटापाशी! गोवा तिथून दोन हजार किलोमीटरांहून दूर. पुढे किनारा जवळ आल्याचे कळले ते पक्षी, वाहत आलेल्या झावळ्या आणि पाण्यातले साप पाहून.

नाविक अडाणी नव्हते. माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढता येतो. पूर्व-पश्चिम जाताना आकाशात तशी स्थिर खूण नाही, हे स्टीफन्स यांनीच लिहिले आहे. रेखांशातला फरक म्हणजे वेळेतला फरक: ४ मिनिटांना १ अंश. सोकोत्रा व गोवा यांच्या माध्यान्हांत सुमारे ८० मिनिटांचे अंतर आहे. लिस्बनची वेळ दाखवणारे घड्याळ जहाजावर असते, तर चूक तत्काळ उघडी पडली असती. पण वाळूच्या घड्याळावर सहा महिने वेळ कशी टिकणार? जॉन हॅरिसनचे सागरी घड्याळ कसोटीला उतरले ते १७६१ च्या सफरीत.

तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये त्याहून अचूक घड्याळ आहे. २५ डिसेंबरला (सुट्टीच असते) सपाट जागी १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. तिच्याभोवती सव्वा मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखा. सावलीचे टोक सकाळी वर्तुळात शिरते आणि दुपारी बाहेर पडते, त्या दोन वेळांचा मध्य ही तुमची माध्यान्ह. सर्वांत आखूड सावली नजरेने ठरवू नका. त्या सुमारास तिची लांबी फारच हळू बदलते. जालन्यात साडेबारापूर्वी साडेतीन मिनिटे, म्हणजे १२ वाजून साडेसव्वीस मिनिटे, असे उत्तर यावे. साडेसव्वीस भागिले ४ म्हणजे ६.६ अंश. प्रमाणवेळेच्या ८२.५ मधून ते वजा करा: ७५.९ अंश पूर्व. हाच जालन्याचा रेखांश.

दिवस बदलू नका. सूर्य आणि घड्याळ यांचा मेळ वर्षातून चारदाच बसतो. एरवी फरक १६ मिनिटांपर्यंत जातो. शिवाय एका मिनिटाची चूक इथे सुमारे २६ किलोमीटरांना पडते. परतूरची माध्यान्ह जालन्याच्या मिनिटभर आधी यायला हवी. दोन्ही गावच्या मुलांनी एकाच दिवशी मोजून पाहावे.