मंद प्रकाश आणि ट्रान्सफॉर्मरची निवड

छतात बसवावयाचे १२ व्होल्टचे दिवे २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर थेट चालत नाहीत. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रकाश कमी-अधिक करावयाचा असल्यास दिवा व ट्रान्सफॉर्मर दोन्ही ‘डिमेबल’ असावेत.

खरी फसगत होते ती हॅलोजन काढून एलईडी बसविताना. ५० वॅटच्या चार हॅलोजनचा भार २०० वॅट, तर ५ वॅटच्या चार एलईडींचा अवघा २०. जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर ‘६० ते २०० वॅट’ असे छापलेले असेल, तर त्याला किमान भारच मिळत नाही व दिवे लुकलुकू लागतात. कमाल आकडा सारेच पाहतात, किमान कोणी वाचत नाही! लोखंडी गाभ्याच्या जड ट्रान्सफॉर्मरचा डिमर इलेक्ट्रॉनिक प्रकाराला चालेलच असे नाही. छत बंद करण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मरपर्यंत हात पोहोचेल अशी झडप ठेवून घ्यावी.