भेटलं की मिळालं?

शेवगावच्या बसस्थानकावर पैठणच्या गाडीकडे धावणारा माणूस विचारतो, "जागा भेटंल का?" कापसाच्या भावाची चौकशीही "औंदा किती भेटला?" अशीच होते. इथली मुलं पुण्याला शिकायला गेली की त्यांची पहिली थट्टा बहुधा याच क्रियापदावरून होते. माणसं भेटतात, वस्तू मिळतात, असं त्यांना सुनावलं जातं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण अर्धाच खरा आहे.

माणसंही मिळतात. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, ही तक्रार शुद्ध मराठीतलीच आहे. मुलीला चांगलं स्थळ मिळतं, तालमीला वस्ताद मिळतो. 'वेचणीला चार बाया मिळाल्या' म्हणजे कामाची सोय झाली. 'चार बाया भेटल्या' म्हणजे रस्त्यात उभं राहून दोन शब्द बोलणं झालं. समोर माणूस आहे की वस्तू, एवढ्यावर फरक ठरत नाही. ते आपल्या पदरात पडलं की नुसतं समोर आलं, हे पाहावं लागतं. वारकरी पंढरपूरला जातो तेव्हा रांगेत उभं राहून त्याला दर्शन मिळतं, पण विठ्ठल त्याला भेटतो.

दुसरा गैरसमज असा, की 'मिळणे' हे मुळातच वस्तूंसाठीचं क्रियापद आहे आणि 'भेटणे' त्याच्या जागेत घुसलं. संस्कृतातल्या 'मिल्'चा अर्थच मुळी एकत्र येणं, भेटणं असा आहे. शेजारच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या काळच्या मराठीत 'मिळणे'चा एकत्र येणं, मिसळणं हा अर्थ ठळक होता. आजही तो पुसलेला नाही. नेवासे तालुक्यातच प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, फितूर शत्रूला जाऊन मिळतो, चौघं मिळून विहीर खणतात. एकत्र येण्यापासून हाती येण्यापर्यंतची वाट 'मिळणे'नं कधीच चालून टाकली. 'भेटणे' त्याच वाटेनं निघालं, तर त्याला मात्र गावंढळ म्हणायचं! शिवाय 'भेट' या नामात वस्तू आधीपासून आहेच. लग्नात भेट देतो, ती वस्तूच असते.

वस्तू 'भेटणं' हे हिंदीचं अनुकरण आहे, असंही ठासून सांगितलं जातं. हिंदीत दोन्ही अर्थांना एकच 'मिलना' चालतं, गुजरातीतही 'मळवुं' दोन्हीकडे वापरतात. शब्दच उचलायचा असता तर आपण 'मिळणे' माणसांच्या गाठीभेटींपर्यंत ताणलं असतं. झालं उलटं, 'भेटणे' वस्तूंपर्यंत गेलं. एकाच क्रियापदात दोन्ही अर्थ बसवायची सवय शेजाऱ्यांकडून लागली असेल, असं फार तर म्हणता येईल. तेही शेवगावच्याच माथी मारण्याचं कारण नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि मुंबईतही वस्तू भेटतातच.

या बोलीत नियम नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाक्याची ठेवण पाहावी. 'मी त्याला भेटलो' यात बहुधा मी ठरवून गेलेलो असतो. 'तो मला भेटला' यात तो आपसूक समोर आलेला असू शकतो. हे दुसरं वाक्य आणि 'पगार मला मिळाला' यांची घडण एकसारखी आहे, म्हणून 'मला पगार भेटला' हे सहज तयार होतं. 'मी पगाराला भेटलो' असं मात्र शेवगावातलं शेंबडं पोरही म्हणणार नाही.

समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी खुशाल घालावेत, हा शाळेतल्या जोड्या लावण्यातून आलेला समज तर सर्वांत जास्त नुकसान करतो. नोकरी मिळते तशी 'लागते'ही, पण बोअरला पाणी फक्त 'लागतं'. 'बोअरला पाणी मिळालं' म्हटलं तर टँकरनं आणून ओतलं की काय, असं वाटेल. हरवलेली शेळी सापडते. तिला 'मिळाली' म्हटलं तर कुणी योजनेत दिली असावी. चोर सापडतो आणि त्याला शोधणारा पावसात सापडतो. सातारा-कोल्हापूरकडे तोच चोर 'घावतो'. 'गवसणे' बोलण्यात कमी आणि कवितेत जास्त. मात्र आकाशाला घालतात ती 'गवसणी' म्हणजे खोळ, तंबोऱ्याला घालतात तशी. तिथे काही सापडण्याचा संबंध नाही. 'लाभणे' तर लोकांनी सत्कार समारंभात पार झिजवून टाकलं. कुणीही अध्यक्ष म्हणून 'लाभतो'. गावात त्याचा अर्थ अजून जिवंत आहे. घर मिळालं, पण लाभलं नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा त्या घरात गेल्यावर काय काय घडलं, ते विचारायचं धाडस होत नाही.

लिहिताना प्रमाण भाषेचं वळण वेगळं आहे आणि ते पाळावं. अर्जात 'दाखला मिळावा ही विनंती' असंच लिहावं. 'भेटावा' लिहिलंत तर कारकून हसेल. मग तोच कारकून खिडकीतून "उद्या भेटंल" म्हणाला तरी.