पेरूचा वास, आडवी बाटली

वाइनचं नाव काढलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘अगंबाई, दारूच ना ती!’ आणि दुसरी, ‘छे छे, वाइन म्हणजे दारू नव्हेच, द्राक्षांचा रस तो!’ जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा या दोन्ही बाजूंनी केवढा धुरळा उडाला ते आपण टीव्हीवर पाहिलंच. (तो निर्णय पुढे अमलात आला नाही, ती गोष्ट वेगळी.) मी पहिल्या गटातली, आणि अजूनही तिथेच आहे. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या पांढऱ्या वाइन चाखण्याच्या एका जेवणाला मी गेले आणि शेवटपर्यंत बसले.

हे जेवण होतं इंग्लंडमध्ये. माझी मावसबहीण तिकडे असते. तिच्या गावात एक वाइन सोसायटी आहे. नाव भारदस्त, पण प्रकार आपल्या भिशीसारखाच बरं का! वर्गणी काढायची, दर दोन महिन्यांनी जमायचं, एकेका देशाच्या वाइन मागवायच्या आणि त्याबरोबर त्याच देशाचं जेवण करायचं. सभासद बहुतेक निवृत्त. एक हॉल, पांढऱ्या चादरी घातलेली लांब टेबलं, प्रत्येकापुढे पाच ग्लास, पाणी, साधी बिस्किटं, एक छापील कागद आणि पेन्सिल. मधोमध स्टीलचं उभट भांडं.

“ताई, हे कशाला?”

“पिकदाणी समज. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि ह्यात टाकायचा. गिळलंच पाहिजे असं काही नाही. मला गाडी चालवायचीये, मीही टाकणारच.”

मला एकदम हायसं वाटलं. इतक्या नीटनेटक्या, इस्त्री केलेल्या मंडळींना पिकदाणीत चुळा टाकताना पाहणं हीसुद्धा एक मजाच होती.

माहिती सांगायला स्टेलनबॉशकडची एक बाई आली होती. केप टाउनच्या जवळचा हा भाग द्राक्षांसाठी प्रसिद्ध. बाई पन्नाशीच्या, सावळ्या, आवाज खणखणीत. सुरुवातीला त्यांनी समजावलं ते असं : द्राक्षाचा रंग सालीत असतो, गर बहुतेक पांढराच. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात आणि तो थंडाव्यात आंबवतात. म्हणून फळाचा वास टिकतो. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन गरम होते.

पहिला ग्लास सोव्हिन्यों ब्लां, एल्जिन नावाच्या थंड भागातली. हा भाग खरा सफरचंदांचा. नाक आत घातलं आणि थेट ढोबळी मिरची! नुकती चिरलेली, बियांसकट. कागदावर लिहिलं होतं – गवत, हिरवी मिरची, गूसबेरी, पेरू. घोट घेतला तर जिभेच्या कडा रायआवळा खाल्ल्यासारख्या शिरशिरल्या. शेजारचे आजोबा कागद वाचून हळूच ताईला म्हणाले, “हा पेरूचा वास म्हणजे नेमका कसा हो?” त्यांनी पेरू डब्यातलाच पाहिलेला. मग मी त्यांना पिकायला आलेला पेरू घरात ठेवला की दुसऱ्या दिवशी कपाटातल्या साड्यांपर्यंत वास कसा पोचतो ते सांगितलं. आजोबांनी पुन्हा ग्लासात नाक घातलं आणि त्यांचा चेहरा उजळला! वाइनच्या टेबलावर माझा असा भाव वधारेल असं वाटलं नव्हतं.

दुसरा ग्लास शेनिन ब्लांचा. इथे मी कान टवकारले, कारण हे नाव मी नाशिकच्या रस्त्यावरच्या पाट्यांवर वाचलेलं. मूळचं हे फ्रान्सचं द्राक्ष. आफ्रिकेत गेलं तेव्हा ‘स्टीन’ नावाने नांदलं. ‘स्टीन’ म्हणजेच शेनिन हे १९६० च्या दशकात नीट उमगलं. आज जगात सगळ्यात जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेत पिकतं. आणि २००० साली नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली, त्यातही हेच द्राक्ष होतं. आणखी गंमत म्हणजे, पृथ्वीच्या दोन टोकांना असूनही तोडणी दोन्हीकडे जानेवारी ते मार्चच्या सुमारास. तिकडे तेव्हा उन्हाळा, आपल्याकडे हिवाळा सरत आलेला. निफाड-दिंडोरीच्या बायका घड कापत असतात तेव्हा तिकडच्या बायकांच्या हातातही कात्री असते.

या शेनिनचा वास पिकल्या सफरचंदाचा, थोडा मधाचा. त्याच्याबरोबर जेवण वाढलं आणि मी चकितच झाले. ‘बोबोटी’ नावाचा पदार्थ, एरवी खिम्याचा, आम्हा दोघींसाठी मसुरांचा. त्यात हळद, तमालपत्र, बेदाणे, वर अंड्याचा थर देऊन भाजलेला. सोबत पिवळा भात आणि ‘अत्चार’. हो, लोणचंच! आणि पम्पुनकुकीज म्हणून जे आलं ते लाल भोपळ्याचे घारगे, फक्त वरून दालचिनी-साखर भुरभुरलेली.

हळद आणि अत्चार तिथे पोचलं कसं, हा प्रश्न मला पडायच्या आतच बाईंनी ते सांगायला घेतलं. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणं वसवलं ते हिंदुस्थानाकडे आणि जावाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, पाणी मिळावं म्हणून. (आपल्या वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची.) तिथला प्रमुख यान व्हान रीबेक याने वेली लावल्या. २ फेब्रुवारी १६५९ ला केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली. कामाला माणसं हवीत म्हणून गुलाम आणले. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया, आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून. व्हान रीबेकच्या घरात अँजेला नावाची एक बंगाली गुलाम बाई होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर भाजी पिकवू लागली. तिच्या वंशातली किती घरं आज त्या देशात आहेत! स्वयंपाकघरातली हळद अशाच बायकांबरोबर गेलेली. केपमधली गुलामगिरी कागदावर १८३४ मध्ये संपली, प्रत्यक्ष सुटका १८३८ ला.

तिसऱ्या ग्लासात पुन्हा शेनिनच, पण म्हाताऱ्या वेलींची. स्वार्टलंड भागात मांडव नसलेल्या, झुडपासारख्या उभ्या वेली आहेत. वेल म्हातारी झाली की घड कमी धरते, शेतकऱ्याला परवडत नाही, मग उपटून टाकतात. रोझा क्रूगर या बाईंनी २००२ पासून गावोगाव फिरून अशा वेलींची यादी करायला घेतली. त्यातून पुढे जुन्या वेली जपणारी संस्था उभी राहिली, आणि आता पस्तीस वर्षांवरच्या वेलींच्या वाइनला वेगळा शिक्का मिळतो. म्हातारपणी भाव वाढण्याचं भाग्य वेलींना तरी लाभलं!

चव खरंच खोल होती. पण माझ्या डोक्यात आता चव नव्हती. मी हात वर केला. ताईने टेबलाखालून माझा पाय दाबला, तरी विचारलंच, “ह्या वेलींवर काम करणाऱ्यांना काय मिळायचं?”

बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “वाइन.”

तिकडे याला ‘डॉप’ म्हणत. डॉप म्हणजे घोट. मजुरीचा काही भाग पैशात नाही, स्वस्त वाइनच्या रूपात द्यायचा. सकाळी कामावर आल्यावर एक माप, मग दिवसभरात आणखी मापं. बाईंचे आजोबा द्राक्षमळ्यात मजूर होते. पत्र्याच्या पेल्यातून दिवसाला पाच वेळा मिळायची. “आजीच्या हातात शनिवारी पैसे पडायचे थोडे, आणि घरी यायचा तो आधीच प्यालेला माणूस,” त्या म्हणाल्या. कायद्याने बंदी आल्यावरही हा प्रकार कित्येक वर्षं चालला. गरोदरपणी पोटात गेलेल्या दारूमुळे जन्मतः अधू राहिलेल्या मुलांचं प्रमाण या द्राक्षपट्ट्यात आजही जगातल्या सर्वांत जास्त नोंदींपैकी आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात डी डोर्न्सच्या द्राक्षमजुरांनी संप केला, तेव्हा दिवसाची किमान मजुरी ६९ रँड होती. मागणी दीडशेची होती, मार्च २०१३ पासून १०५ झाली. संपकऱ्यांत हंगामी काम करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या.

हॉलमध्ये चमच्यांचा आवाजसुद्धा बंद झाला होता. म्हणून सांगते, ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे मला कुणी सांगू नये. तेरा टक्के अल्कोहोल ग्लासातही तेरा टक्केच आणि पत्र्याच्या पेल्यातही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही, आणि स्तनाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे.

चौथा ग्लास शार्डने, ‘अस्लिना’ नावाची. ही वाइन करणाऱ्या न्त्सिकी बियेला या दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वाइनमेकर. झुलू खेड्यात आजीजवळ वाढल्या, १९९९ मध्ये शिष्यवृत्तीवर स्टेलनबॉशला शिकायला गेल्या तोवर वाइन चाखलेलीही नव्हती. पहिला घोट अजिबात आवडला नाही, असं त्या स्वतःच सांगतात! २००९ मध्ये त्या देशातल्या सर्वोत्तम महिला वाइनमेकर ठरल्या. पुढे २०१६ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि तिला आजीचं नाव दिलं. हा घोट मात्र मी पिकदाणीत टाकला नाही.

शेवटी कॉन्स्टान्शियाची गोड वाइन आली, वेलीवरच मनुकांसारख्या सुकत आलेल्या द्राक्षांची. नेपोलियन कैदेत असताना ही मागवायचा म्हणे. मला फार गोड झाली.

ग्लास गोळा करताना त्या बाई माझ्याजवळ आल्या. “तुमच्याकडे बायका काय करतात?” म्हणून विचारलं. मी त्यांना आपलं बाटलीचं मतदान सांगितलं. गावातलं दारूदुकान हवं की नको, यावर बायका मत देतात. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. त्यांना ते चित्र इतकं आवडलं की कागदाच्या मागे पेन्सिलीने काढून घेतलं.

“तुमच्या गावातलं बंद झालं?”

नाही झालं. मत द्यायला आलेल्या जवळजवळ सगळ्यांनी आडव्यावरच शिक्का मारला, पण यादीतल्या निम्म्या काही भरल्या नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या बायकांची नावं यादीत होती, त्या गावात नव्हत्या.

“मग पुन्हा?”

“पुन्हा. ह्या खेपेला तोडीच्या बायका परत आल्यावर.”