गार भात, महाग मासा

२००४ साली ताजमहाल पॅलेसमध्ये ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं आणि मुंबईच्या श्रीमंत जेवणात सुशीला जागा मिळाली. त्याआधी इथे सुशी कुणाला ठाऊकच नव्हती असं नाही. जपानी कंपन्यांत नोकरी करणारी, तिकडे राहून आलेली मंडळी होतीच. पण भात आणि कच्च्या माशासाठी एवढे पैसे मोजायचे, पाहुण्यांना मुद्दाम तिथे न्यायचं, वाढदिवस तिथे साजरे करायचे, हे नवीन होतं. पुढच्या दशकभरात वांद्र्यात, लोअर परळला, बीकेसीत अशी रेस्टॉरंटं निघत गेली. त्यांतल्याच एकाबद्दल हे लिहिते आहे. ते ताजमधलं नाही, आणि त्याचं नावही देणार नाही, कारण तिथे राबणाऱ्या मुलांचा दोष यात फार थोडा आहे. जागा मात्र माझ्या जिव्हाळ्याची होती. तिची घसरण वर्षानुवर्षं पाहिली, म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली होती. जपानमध्ये शिकून आलेले एक शेफ काउंटरमागे उभे असत. समोर मोजक्याच खुर्च्या. भात ते एका संध्याकाळी दोनदा शिजवायला लावत. शिजलेला भात रुंद लाकडी परातीत काढायचा, व्हिनेगर, मीठ आणि साखरेचं मिश्रण त्यावर शिंपडायचं, दाणा मोडू न देता उलथन्याने हलकेच परतायचं आणि वारा घालत राहायचं. भात हाताला कोमट लागेल एवढा निवला की मगच ते निगिरी वळायला घेत. भाताचा लहानसा मुटका, वर माशाची चकती. समोर ठेवली की लगेच खायची, हा त्यांचा एकच आग्रह. फोटो काढत बसलेल्या गिऱ्हाइकाला ते नम्रपणे तसं सांगतही.

ही निगिरी एकोणिसाव्या शतकातली. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, १८२० च्या दशकात हानाया योहेई याने ती लोकप्रिय केली असं मानलं जातं. रस्त्यावरच्या टपरीवर, कामावरून घरी जाता जाता खाण्याचा तो पदार्थ. बर्फाची सोय नव्हती, म्हणून मासा मिठात, व्हिनेगरमध्ये किंवा सोया सॉसमध्ये मुरवत. एदो पद्धतीच्या सुशीत हे मुरवणं आजही टिकून आहे. मासा नुसता ताजा असला की झालं, असं तिथे कुणी मानत नाही. काही मासे मुद्दाम काही दिवस ठेवून मगच वापरतात. ट्यूनाची चव तशी खुलते.

आमच्या त्या शेफना हे पुरतं कळत होतं. एका हिवाळ्यात त्यांनी इथली सुरमई आणली. जपानमध्ये तिच्या जवळच्या नात्यातला सावारा नावाचा मासा मिळतो, म्हणून त्यांना ती ओळखीची वाटली असावी. कच्च्या माशातल्या कृमींचा धोका टाळण्यासाठी मासा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवावा लागतो, तो नियम त्यांनी पाळला. मग सुरमईला मीठ लावलं आणि कोंबू या समुद्री शेवाळाच्या दोन पट्ट्यांमध्ये ती दाबून ठेवली. पाणी शेवाळाने ओढून घेतलं, शेवाळाची गोडसर खारट चव माशात उतरली. जन्मभर सुरमई तळून किंवा तिखल्यात खाल्लेली, पण तिच्या अंगात असं काही असेल हे मला माहीत नव्हतं. बांगडाही ते करत, मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवून. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की हे दोन्ही मासे यादीतून काढून टाकत. ससून डॉकवर जे येत नाही ते ताटातही नाही, एवढा सरळ हिशोब. मुंबईतली सुशी मुंबईची व्हायची असेल तर ती इथूनच होईल, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं. आजही वाटतं.

मग ते शेफ गेले. आखाती देशांत इथल्यापेक्षा कितीतरी अधिक पगार मिळतो, अडवणार कोण? त्यांच्या हाताखालची मुलं हुशार होती, पण त्यांना वेळ मिळाला नाही. जिरो ओनो या तोक्योतल्या वृद्ध सुशीकारावरचा माहितीपट २०११ साली आला. त्यात एक शागीर्द अंड्याचा जाडसर पोळा जमेपर्यंत शेकडो वेळा कसा नाकारला गेला ते सांगतो. तो माहितीपट पाहून आपल्याकडच्या अनेकांना ‘ओमाकासे’ हा शब्द पाठ झाला. शेफ देईल ते खायचं, असा त्याचा अर्थ. इथल्या मालकांनी शब्द उचलला, ओमाकासेचा दरही ठरवला. शागिर्दीला लागणारी वर्षं मात्र कुणी दिली नाहीत.

मेनूकार्ड जाड होत गेलं. रोल वाढले. मेयोनेज आलं, ज्वाळेने भाजलेला सामन आला, प्रत्येक गोष्टीवर ट्रफल तेलाचे थेंब आले. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांत ट्रफलचा अंशही नसतो, प्रयोगशाळेत तयार केलेला वास असतो. तो वास इतका आडदांड की खाली कोणता मासा आहे हे ओळखू येत नाही. सुरमई गेली, बांगडा गेला. उरला बाराही महिने विमानाने येणारा नॉर्वेचा सामन. जपानी लोक स्वतः सामन कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सामन तिथे विकण्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले, त्यानंतर तो सुशीवर बसला. त्याला माझी हरकत नाही, चांगला सामन चांगलाच लागतो. पण अरबी समुद्राच्या काठावर बसून यादीत त्या समुद्रातलं काहीच नसावं, याचं वाईट वाटतं.

मालवणची माझी मावशी मुंबईत आली होती, तिला हौसेने तिथे घेऊन गेले. तिचं सगळं आयुष्य मासळीबाजारात कल्ले उचलून पाहण्यात गेलेलं. कच्चं खायला ती कचरेल असं वाटलं होतं, पण तिने ट्यूनाची चकती बोटाने दाबली, बशीतला गुलाबी ओघळ पाहिला आणि म्हणाली, “ह्येका पाणी सुटलां हा गो.” वेटर अदबीने म्हणाला, “आजच्याच फ्लाइटने आलाय, मॅडम.” मावशी पुढे काही बोलली नाही, चकती बाजूला सारून तिने मिसो सूप घेतलं. बरोबर तीच होती. जपानमध्येही पुष्कळसा ट्यूना उणे ६० अंशांवर गोठवलेलाच वापरतात, गोठवण्यात कमीपणा नाही. वितळवायची रीत मात्र यावी लागते. चुकीच्या रीतीने वितळवला की पाणी सुटतं आणि पाण्याबरोबर चव जाते. फ्लाइट आजची होती की कालची, याने काहीही फरक पडला नसता.

वसाबीचंही तेच. खरा वसाबी हा थंड वाहत्या पाण्यात वाढणारा कंद. तो खाण्याच्या वेळीच किसायचा, पाव तासात त्याचा सुगंध उडून जातो. बशीच्या कडेला येतो तो हिरवा गोळा बहुधा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचा. मोहरी फेसताना नाकात जाते तशीच त्याची झणझण, कारण झोंबणारं द्रव्य दोन्हींत एकच आहे. साध्या ठिकाणी त्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही. पण एका माणसाच्या जेवणाला घरचा आठवड्याचा बाजार होईल एवढं बिल लावायचं आणि गोळा तोच द्यायचा, ही फसवणूक आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या काळात हॉटेलवाल्यांनी तग धरण्यासाठी जे केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. सुशी डब्यांत भरून घरोघर गेली, स्वयंपाकघरं त्यावर जगली. दुःख पुढचं आहे. दारं पुन्हा उघडली तरी डब्याची पद्धत आत तशीच राहिली. भात दुपारी एकदाच शिजतो, मुटके आधी वळून फ्रिजमध्ये जातात. फ्रिजच्या थंडीत भातातलं पिष्ट भराभर घट्ट होतं, दाणा कोरडा आणि ठिसूळ पडतो. मागच्या खेपेला काउंटरवर बसले होते, तर समोरचा तरुण कप्प्यातून गार मुटके काढून त्यांवर फक्त मासा ठेवत होता. काउंटर आता शोभेचा. भात दाताखाली गोळ्यासारखा फुटला. सांगितलं तेव्हा मॅनेजरने दिलगिरी व्यक्त करून एक आइस्क्रीम पाठवलं. भात नव्याने टाका, असं आत कुणी म्हणालं नाही. बिलात सेवाशुल्क मात्र न विचारता लावलेलं. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते आपोआप लावायला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. काढा म्हटल्यावर त्यांनी काढलं, पण म्हणावं लागलं.

भाडी भयंकर आहेत, आयात महाग आहे, गिऱ्हाइकाला रोलच हवे असतात, ही सगळी कारणं मी मालकांच्या तोंडून ऐकली आहेत आणि ती खोटी नाहीत. पण भात दुसऱ्यांदा शिजवायला फार खर्च येत नाही. तांदूळ हा त्या ताटातला सगळ्यांत स्वस्त पदार्थ आहे. त्याकडे लक्ष देणारा एक माणूस नेमायचा आणि त्याला टिकवायचं, एवढंच करायचं आहे. ते जमत नसेल तर ओमाकासेचा दर लावू नये.

वाचकांना एक सांगणं आहे. अशा ठिकाणी गेलात तर शक्यतो काउंटरवर बसा. वसाबी किसलेला आहे की ट्यूबमधला, मासा इथला कोणता आहे, हे न लाजता विचारा. सुरुवातीला एकच साधी निगिरी मागवा. भात गार लागला तर तेवढ्याचे पैसे द्या, कारण स्पष्ट सांगा आणि उठा.